अभिनंदन, अभिनंदन, अभिनंदन!

"हल्लीचे लेखक स्वतःच स्वतःची टिमकी वाजवत फिरतात" हे वाक्य तुम्ही गेल्या वर्षभरात किती वेळा ऐकलंत? मी मोजणं सोडून दिलंय. पुस्तकाबिस्तकाचा कुठलाही कार्यक्रम असो, अध्यक्ष महाराज उठतात, पाण्याचा घोट घेतात आणि साधारण तिसऱ्या मिनिटाला या वाक्यावर येतात. मग पुढचं ठरलेलं. आमच्या वेळी असं नव्हतं हो. लेखक लिहायचा आणि गप्प बसायचा. पुस्तकात दम असेल तर ते आपोआप वाचकापर्यंत पोचायचं. टाळ्या. (टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे लोक पिशवीत स्वतःच्या पुस्तकाच्या दोन प्रती घेऊन आलेले असतात, अध्यक्षांना सप्रेम भेट द्यायला. ते जाऊ दे.)

तर मंडळी, आज मला या 'आपोआप'शी भांडायचंय.

'आपोआप'वाल्यांचं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे बहिणाबाई चौधरी. लिहिता-वाचता न येणारी बाई, शेतात आणि घरात राबता राबता गाणी रचते, कुणाकडे काही मागत नाही, आणि आज बघा, पोरं शाळेत तिची कविता शिकतात! खरंय. पण मधलं काय? ती गाणी कागदावर उतरवून घेतली तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या पितांबर चौधरींनी. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी वाचली, प्रस्तावना लिहिली, पुस्तक निघायला हवं म्हणून धडपड केली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईची गाणी' आलं. अत्रे म्हणजे काही आवाज कमी ठेवण्यासाठी प्रसिद्ध असलेले गृहस्थ नव्हेत :) एखादी गोष्ट आवडली की ती गेल्या दहा हजार वर्षांत झाली नाही, एवढंच त्यांचं माप. म्हणजे यात आपोआप काय घडलं? एक मुलगा, एक वही, आणि ती वही खरोखर उघडून वाचणारा एक माणूस. यातलं एक जरी नसतं तरी ती गाणी आसोदा-जळगावच्या पलीकडे गेली असती का, याची मला शंका आहे.

दुसरं उदाहरण महात्मा फुल्यांचं. त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, कमिटीने ते नाकारलं. बरं, ते झालं तरुणपणी. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा तर त्यांचं नाव झालेलं होतं. तरी काय झालं? 'दीनबंधू'त त्याची सुरुवातीची प्रकरणं छापून आली आणि पुढची छापणं थांबलं. 'दीनबंधू' म्हणजे परक्याचं पत्र नव्हे, सत्यशोधकांचंच. जोतीरावांनी मग काय केलं असेल? 'दम असेल तर पोचेल' म्हणून ते गप्प बसले नाहीत. हस्तलिखित काखेला मारून गावोगाव गेले आणि लोकांना वाचून दाखवलं. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर... उपोद्घातात त्यांनी गावांची नावंच दिली आहेत. सयाजीराव गायकवाडांनी ते ऐकलं, हेही नोंदवलंय. आज एखादी मुलगी स्वतःच्या कादंबरीचं एक प्रकरण गावोगावी वाचून दाखवत फिरली तर हेच अध्यक्ष तिला 'प्रसिद्धीलोलुप' म्हणतील.

अमेरिकेतल्या वॉल्ट व्हिटमनने तर कहरच केला होता. १८५५ मध्ये 'लीव्हज ऑफ ग्रास' स्वतःच छापलं आणि मग निनावी राहून स्वतःच त्याची तोंड भरून परीक्षणं लिहिली, एक नाही, तीन! एमर्सनने खाजगी पत्र लिहून कौतुक केलं, तर ते पत्र न विचारता वर्तमानपत्रात दिलं आणि पुढच्या आवृत्तीच्या कण्यावर त्यातलं एक वाक्य सोन्याच्या अक्षरांत छापून टाकलं. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. निनावी परीक्षण हा सरळ सरळ खोटेपणा आहे. पण स्वतःची टिमकी वाजवणं हा 'हल्लीच्या पिढीचा' शोध नाही, एवढं तरी मान्य करू या.

बरं, काही लोक खरंच टिमकी वाजवत नाहीत. अरुण कोलटकर घ्या. गंमत म्हणजे हा माणूस पेशाने जाहिरातवाला, चांगला नावाजलेला आर्ट डायरेक्टर. दुसऱ्यांचा माल कसा खपवायचा हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. आणि स्वतःच्या कवितेच्या बाबतीत? मुलाखती टाळायचा, पुस्तकं काढायलाही वर्षानुवर्षं लावायचा. म्हणजे 'आपोआप'वाल्यांना हवा तसा आदर्श कवी. पण त्याच्या भोवती कोण होतं बघा. १९७६ मध्ये 'जेजुरी' काढली ती 'क्लिअरिंग हाऊस'ने. 'क्लिअरिंग हाऊस' म्हणजे चार कवी - आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि स्वतः कोलटकर. प्रकाशक दारात उभं करत नाहीत ना, मग आपणच आपली पुस्तकं काढू, असा रोकडा विचार. मराठी कवितांच्या मागे अशोक शहाणे आणि त्यांचं 'प्रास प्रकाशन' उभं होतं. 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ मध्ये त्यांनीच काढल्या, आणि २००३ मध्ये 'भिजकी वही'ही त्यांनीच. कोलटकर २००४ मध्ये गेले. त्यानंतर मेहरोत्रांनी त्यांच्या इंग्रजी कविता जमवून, संपादित करून २०१० मध्ये इंग्लंडातून संग्रह आणला. एका न बोलणाऱ्या कवीसाठी इतकी माणसं इतकी वर्षं बोलत होती. आणि ही माणसं 'वा वा'वाली नव्हती. शहाण्यांसारख्या माणसाला एखादी गोष्ट आवडली नाही तर तो काय बोलेल याची धास्ती वाटायची म्हणे लोकांना.

आता माझा मुद्दा सांगते. लेखक ओरडतो याचा मला अजिबात राग नाही. ओरडू दे की! जो बोलेल त्याची बोरं विकली जातील, हे आपली आजीच सांगून गेलीय. माझा राग आहे तो, ज्यांनी बोलायला हवं ते दोघं मूग गिळून बसलेत त्याचा. पहिला प्रकाशक. आणि दुसरे आपण, वाचक म्हणवणारे.

प्रकाशकापासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर राग काढणं सोपं आहे.

प्रकाशक या प्राण्याचं काम काय असतं? पुस्तक निवडणं, त्यावर लेखकाशी भांडून ते सुधारून घेणं, त्यात स्वतःचे पैसे घालणं आणि ते विकणं. 'मौज'चे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही मंडळी लेखकांना हस्तलिखितावर केवढाली पत्रं लिहीत, याच्या कथा तुम्हीही ऐकल्या असतील. रा. ज. देशमुखांनी १९६३ मध्ये एका पंचविशीतल्या मुलाची 'कोसला' काढली, तेव्हा त्या मुलाला कोण ओळखत होतं? ते सगळं जग सोन्याचं होतं असं मी म्हणत नाही. त्या दारातून आत घेतले जाणारे लोक ठरावीकच होते. १९६९ मध्ये राजा ढालेंनी 'सत्यकथे'चा अंक जाळला तो काही थंडी वाजत होती म्हणून नव्हे. पण निदान तिथे कुणीतरी 'हो' किंवा 'नाही' म्हणत होतं, आणि 'हो' म्हटलं की खिशात हात घालत होतं.

आज काय चालतं? आमच्या एका मैत्रिणीचा अनुभव सांगते. तिची परवानगी घेतली आहे. प्रकाशकाचं नाव सांगणार नाही, कारण तो एकटाच तसा नाही आणि एकट्याला झोडून काही होणार नाही.

मैत्रिणीने सात वर्षं खपून एक कादंबरी लिहिली. नोकरी, दोन मुलं, सासूचं आजारपण, हे सगळं सांभाळून पहाटे साडेचारला उठून. प्रकाशकाकडे गेली. त्याने हस्तलिखित वजन करून बघितल्यासारखं हातात तोललं (शब्दशः!) आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुमच्या ओळखीपाळखीचे किती लोक आहेत?" कादंबरी कशाबद्दल आहे हा प्रश्न आलाच नाही. मग पॅकेज समोर आलं. पंचेचाळीस हजार रुपये. त्यात ३०० प्रती, त्यातल्या १०० लेखिकेच्या घरी पोच. मुखपृष्ठ. प्रकाशन समारंभाला पाहुणा. आणि आयएसबीएन! आयएसबीएन तर असं सांगितलं जणू काही तो साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. अहो, भारतात तो क्रमांक फुकट मिळतो. त्याचा पुस्तकाच्या बऱ्यावाईटाशी काडीचा संबंध नाही, गाडीच्या नंबरप्लेटचा जेवढा ड्रायव्हिंगशी असतो तेवढाच. पण २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांचा तक्ता आणला, त्यात आयएसबीएनवाल्या पुस्तकाला गुण ठेवले, आणि तेव्हापासून या तेरा आकड्यांना जो काही भाव आलाय, त्यावर कित्येकांचे बंगले झाले.

संपादन? पॅकेजात नव्हतं. मुद्रितशोधन 'तुम्हीच एकदा नजर टाका'. विक्री? "ताई, आजकाल लेखकालाच करावं लागतं. तुम्ही ग्रुपवर टाका."

प्रकाशकाची बाजू मला माहीत नाही असं नाही. ढोबळ हिशोब मांडून बघा. ३०० रुपयांचं पुस्तक. त्यातले चाळीस-पन्नास टक्के वितरक आणि दुकानदार घेणार. दहा टक्के लेखकाचं मानधन (दिलं तर). कागद, छपाई, बांधणी, गोदामाचं भाडं. उरतं काय? एके काळी हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती सहज काढत, आता पाचशे, तीनशे, कधी मागणीनुसार पंचवीस-पन्नास. पूर्वी ग्रंथालयांच्या खरेदीचा आधार होता. १९६७ च्या कायद्यानंतर राज्यात अनुदानावर चालणारी सार्वजनिक ग्रंथालयं वाढत जाऊन १२ हजारांच्या आसपास गेली. त्यांनी नुसती एकेक प्रत घेतली तरी आवृत्त्याच्या आवृत्त्या निघाव्यात! पण ग्रंथपालांना विचारा, अनुदान वेळेवर येत नाही, आणि आलं की जो जास्त सूट देईल त्याचा गठ्ठा उचलला जातो. गठ्ठ्यात काय आहे हे कोण बघतो. तेव्हा प्रकाशकाची अडचण खरी आहे. पण धंद्यातली सगळी जोखीम लेखकाच्या खांद्यावर टाकायची आणि 'प्रकाशक' ही पाटी मात्र स्वतःच्या दारावर ठेवायची, याला काय म्हणायचं? त्यापेक्षा सरळ 'येथे पुस्तके छापून मिळतील' लिहा की. लग्नपत्रिका छापणारे लिहितातच ना प्रामाणिकपणे. (जे चार-सहा प्रकाशक आजही हस्तलिखित वाचतात, नाकारतात, स्वतःचे पैसे घालतात, त्यांना यातलं काहीही लागू नाही. त्यांच्या पाया पडावंसं वाटतं.)

विक्री म्हणजे लेखकाने ग्रुपवर टाकणं, एवढंच उरलेलं नसतं याचा पुरावा फार जुना नाही. 'ग्रंथाली' १९७४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिने स्वतःला वाचक चळवळ म्हणवलं. वाचकांना सभासद करून घ्यायचं, पुस्तकं स्वस्तात द्यायची, प्रदर्शनं घेऊन गावोगावी जायचं. त्यातून १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' आलं. आणि 'बलुतं' आल्यावर काय झालं आठवा. नुसतं 'अभिनंदन दयाजी' झालं का? पु. लं.नी त्यावर लिहिलं. दलित वाचकांमध्ये वाद झाले, आपल्या वस्तीतलं असं उघडं करून दाखवावं का म्हणून लोक चिडले. पुस्तकाने माणसं अस्वस्थ केली आणि ती अस्वस्थ माणसं बोलली. दया पवारांना त्या बोलण्याचा त्रासही झाला असणार. पण आपलं पुस्तक कुणी वाचलंच नाही, असं काही त्यांना वाटलं नसेल.

इथे आता दुसऱ्या आरोपीकडे वळते. म्हणजे तुमच्याकडे :)

मैत्रिणीचं पुस्तक आलं. तिने मुखपृष्ठाचा फोटो ग्रुपवर टाकला. शाळेचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप, सोसायटी, माहेर, सासर, ऑफिस. पहिल्या दोन तासांत अभिनंदनांचा पाऊस. 'अभिनंदन', 'हार्दिक अभिनंदन', 'मनःपूर्वक हार्दिक अभिनंदन', 'खूप खूप अभिनंदन गं, कधी लिहितेस एवढं?', पुष्पगुच्छ, पेढे, फटाके. सगळे मिळून शे-दीडशेच्या वर. मैत्रीण दिवसभर फोन हातात घेऊन सगळ्यांना धन्यवाद म्हणत बसली. बिचारी खूश होती.

समारंभ झाला. शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे म्हणाले, "मला पुस्तक पूर्ण वाचायला वेळ मिळाला नाही, पण चाळलं, आणि चाळताना जाणवलं की लेखिकेची जीवनाकडे बघण्याची दृष्टी सकारात्मक आहे." मंडळी, कादंबरीच्या शेवटी नायिका घर सोडून जाते. सासूला त्या अवस्थेत टाकून. सकारात्मक!

त्यानंतर शांतता. एक आठवडा, दोन आठवडे, एक महिना. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत पुस्तकांना जागाच उरलेली नाही, तेव्हा तिकडून काही येणं शक्य नव्हतं. ग्रुपवरचे लोक पुढच्या अभिनंदनाकडे वळले होते. कुणाच्या मुलाला नव्वद टक्के, कुणाचा नवा फ्लॅट. तिने दोन-तीनदा लाजत लाजत आठवण करून दिली, तर तिच्याच एका वहिनीने दुसरीला म्हटलं म्हणे, "किती जाहिरात करते स्वतःची!" हे तिच्या कानावर आलं. येतंच.

तिने मला विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही. "अगं, ती चांगली आहे का वाईट, एवढं तरी कुणी सांगेल का?"

सात वर्षं पहाटे उठलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर दीडशे ओळखीच्या लोकांत मिळत नसेल, तर आपण आपल्या वाचनसंस्कृतीच्या, अभिजात भाषेच्या (२०२४ मध्ये तो दर्जाही मिळाला, तेव्हाही अभिनंदनच अभिनंदन) गप्पा कुठल्या तोंडाने मारतो?

'अभिनंदन' हा शब्द आता मला उद्धट वाटायला लागलाय, खरंच सांगते. दिसायला गोड, पण त्याचा अर्थ एवढाच की बाई, तू काहीतरी केलंस हे मी पाहिलं, आता मला पुढे जाऊ दे. तो पुस्तक उघडण्याआधी टाकता येतो आणि एकदा टाकला की उघडण्याची गरज राहत नाही. आपण जेवायला गेलो आणि ताटाकडे बघून 'वा, अभिनंदन' म्हणून हात धुवून निघालो, तर यजमानीणबाई काय म्हणेल?

आणि लिहिणारे लोक तर याहून वाईट. ते अभिनंदनाच्या पुढे जातात आणि परीक्षण लिहितात. 'ओघवती भाषा', 'वाचकाला खिळवून ठेवते', 'संग्रही असावे असे'. तू माझ्यावर लिही, मी तुझ्यावर लिहिते. उंटाच्या लग्नात गाढव गायला, अशी गत. एकदा एक प्रयोग करून बघा. अशा कुठल्याही परीक्षणातलं पुस्तकाचं नाव झाका आणि तिथे दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाचं नाव लिहा. काही बिघडतं का बघा. बिघडत नसेल, तर ते परीक्षण त्या पुस्तकाबद्दल नव्हतंच.

पुस्तकं विकणाऱ्यांच्या घरातही वेगळं होऊ शकतं. 'ललित' मासिक १९६४ पासूनचं, 'मॅजेस्टिक'च्या केशवराव कोठावळ्यांनी काढलेलं. म्हणजे उघड उघड प्रकाशकाचं, पुस्तकं खपावीत म्हणून काढलेलं मासिक. पण त्यात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने 'घटका गेली, पळे गेली' लिहायचे आणि मोठमोठ्या साहित्यिकांची यथेच्छ टोपी उडवायचे. जोडीला वसंत सरवट्यांचं चित्र. आपली टोपी उडाली तर उडाली, पण ठणठणपाळाने आपल्याला वगळलं तर कसं, अशी काळजी लेखकांना असायची म्हणतात. टोपी उडवायची तर आधी तो माणूस काय लिहितो हे माहीत असावं लागतं, ही त्यातली मेख. आज तसं सदर कुणी सुरू केलं तर दुसऱ्या महिन्यात भावना दुखावल्याची पत्रं येतील आणि तिसऱ्या महिन्यात सदर बंद. हेही आपलंच कर्तृत्व.

आता मला ठाऊक असलेले आक्षेप. 'नव्याने लिहिणाऱ्याचं मन कशाला मोडायचं?' हा पहिला, आणि तो बोलणारे लोक स्वभावाने चांगले असतात, म्हणून जास्त त्रास होतो. माझं म्हणणं, मन मोडतं ते शांततेने. नाशिकला माझी एक मावशी असते. वय वर्षं शहात्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, वाचनालयाची चाळीस वर्षांची सभासद. (मावशी, हे तू वाचणार हे माहीत आहे. गप्प बस.) तिला मी मैत्रिणीची कादंबरी पाठवली. सहा दिवसांनी मावशीने परस्पर मैत्रिणीला फोन लावला. ओळख ना पाळख! आणि म्हणाली, "मी अमकीची मावशी. तुमचं पुस्तक वाचलं. मधली साठेक पानं नुसतं पाणी घातलंय हो तुम्ही, ती नोकरीची भानगड नसती तरी चाललं असतं. आणि तुमच्या नायिकेचा नवरा मला दिसलाच नाही, नुसता आवाज येतो त्याचा. पण ती सासूला न्हाऊ घालते ना, तो भाग वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. माझी सासू आठवली. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं." तासभर बोलल्या दोघी. मैत्रीण नंतर मला फोन करून रडली. साठ पानं पाणी घातलंय हे ऐकून नव्हे, हे वेगळं सांगायला नको. त्या साठ पानांबद्दल मावशीशी तिचं अजूनही पटत नाही. पण पुढच्या कादंबरीत नवऱ्याचं पात्र तिने दुसऱ्यांदा लिहायला घेतलंय.

दुसरा आक्षेप, 'आम्ही काही समीक्षक नाही.' मग मावशी कुठे समीक्षक आहे? अकरावीपर्यंत शिकलेली बाई. तिला संरचना आणि आशयसूत्र असले शब्द येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून तिचं म्हणणं पहिल्या वाक्यात कळतं. कुठे थांबलात, कुठे कंटाळलात, काय पटलं नाही, कोण आठवलं. एवढं सांगायला विद्यापीठाची पदवी लागते होय?

तिसरा, 'सगळ्यांची पुस्तकं कोण विकत घेत बसणार?' नका घेऊ सगळ्यांची! ज्याला दहा अभिनंदनं टाकायची त्याने त्यातलं एक पुस्तक घ्यावं आणि नऊ ठिकाणी गप्प बसावं. गप्प बसणं अपमानाचं नाही. पण इथेही आपली एक खोड आहेच. लेखक ओळखीचा असला की पुस्तक फुकट मिळालं पाहिजे. 'अगं, आम्हाला नाही का दिलंस?' असं पाच हजारांची साडी नेसून विचारणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ओळखीचा माणूस किराणा दुकान चालवत असेल तर आपण त्याच्याकडे 'आम्हाला नाही का दिलीस तूरडाळ?' म्हणून जातो का?

म्हणून अध्यक्ष महाराज, लेखकाला नावं ठेवण्याआधी एक करा. पुढच्या समारंभाला जाल तेव्हा पुस्तक वाचून जा. सगळं वाचून. न आवडलेलं एक तरी सांगा, पान क्रमांकासहित. लेखकाचा चेहरा पडेल, शाल देणारे कावरेबावरे होतील. पण मागच्या रांगेत बसलेला एखादा घरी जाताना पुस्तक विकत घेईल, निदान तुम्ही म्हणता ते खरं आहे की काय हे बघायला.

असो. बरंच लांबलं. मैत्रिणीच्या पलंगाखाली अजून एकसष्ट प्रती आहेत. ३०० रुपयांची कादंबरी ती २२० ला देतेय, टपालखर्च वेगळा. ज्यांना हवी त्यांनी मला कळवा, पत्ता देते. फुकट मिळणार नाही, नातेवाइकांनाही नाही. पुण्याच्या काकांनी गेल्या वेळी नेलेल्या प्रतीचे पैसे अजून यायचेत.